भिशीचे दीड लाख कॅमेऱ्यात घालू का?

पत्र :

मी साताऱ्यात एका पतसंस्थेत नोकरी करते. आम्ही चौघी मैत्रिणी सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात लडाखला जायचं म्हणतोय. माझ्याकडे कॅनन १५००डी आहे, त्यासोबत आलेल्या १८-५५ आणि ५५-२५० या दोन लेन्स आहेत. आजवर कास, ठोसेघर आणि घरातली लग्नकार्यं, एवढंच काढलंय. यंदा भिशी लागली, दीड लाख हातात आहेत. दुकानदार म्हणतो, लडाखला निघालाय तर फुल फ्रेमच घ्या. भाचा म्हणतो, काही घेऊ नकोस, मोबाइल पुरे. टूरवाल्याचा प्लॅन सहा रात्रींचा आहे, तारखा अजून पक्क्या नाहीत. नेमकं काय घेऊ? आणि तिथली आकाशगंगा मला स्वतःच्या हातानं काढायचीय. माझ्या कॅमेऱ्यात ती येईल का?

— एक वाचक, सातारा

उत्तर :

ताई, थेट सांगतो. नवी बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा नुसता कॅमेरा, घेऊ नका. तुमचा कॅमेरा लडाखला पुरेसा आहे, आणि सोबतची ती लांब लेन्स, ५५-२५०, तिथं तुम्हाला वाटतंय त्याहून कितीतरी जास्त कामाला येणार आहे. दीड लाखातले पंचवीस-तीस हजार सामानावर घाला आणि राहिलेल्या पैशातून सहलीच्या रात्री वाढवा. आकाशगंगा तुमच्या कॅमेऱ्यात येईल, तेही सांगतो. पण आधी बॉडीचं बोलू, कारण हा प्रश्न दर पावसाळ्यात कुणीतरी विचारतंच आणि दरवेळी घोडं तिथंच अडतं.

दुकानदार खोटं सांगत नाही. फुल फ्रेमचा सेन्सर मोठा असतो, कमी उजेडात त्याचा फोटो स्वच्छ येतो. पुढची गोष्ट मात्र तुमच्यापर्यंत आलेली दिसत नाही. तुमच्या दोन्ही लेन्स ईएफ-एस प्रकारच्या, म्हणजे लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यासाठी केलेल्या आहेत. कॅननच्या आरसा असलेल्या फुल फ्रेम बॉडीवर त्या बसतच नाहीत. मिररलेस, म्हणजे बिनआरशाच्या, फुल फ्रेमवर ॲडॅप्टर लावून बसतात, पण मग कॅमेरा सेन्सरचा मधला तुकडा तेवढा वापरतो. २४ मेगापिक्सेलच्या बॉडीतून हाती लागतो साधारण ९ मेगापिक्सेलचा फोटो. आज तुमचा १५००डी त्याच लेन्सवर पुरे २४ देतोय. म्हणजे बॉडीच्या मागोमाग लेन्स आल्या, आणि दीड लाख बॉडी नि एका साध्या लेन्सवरच संपले. लांब पल्ल्याची लेन्स राहूनच जाईल, आणि लडाखमध्ये तीच नसणं सगळ्यात जास्त खटकेल.

शिवाय वजनाचा प्रश्न आहेच. लेह ३,५०० मीटरवर आहे. तिथं हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण ६५ टक्के असतो, खारदुंगला खिंडीत, ५,३५९ मीटरवर, तो निम्म्यावर येतो. रोज सकाळी अजिंक्यतारा चढून येणारी माणसंसुद्धा लेहच्या हॉटेलात पहिल्या दिवशी एक मजला चढून थांबतात. तिथं गळ्यात जड कॅमेरा असला की माणूस तो गाडीत ठेवून खाली उतरतो. आणि नव्या कॅमेऱ्याची बटणं हातमोजे घालून, गार वाऱ्यात, अंधारात शोधत बसायची वेळ येते ती वेगळीच. १५००डीचं मेनू तुम्हाला पाठ आहे. ही मोठी जमेची बाजू आहे, ती पैशानं विकत मिळत नाही.

आता त्या ५५-२५० बद्दल. लँडस्केप म्हटलं की रुंद लेन्स, असं सगळे धरून चालतात. लडाखपुरतं मला ते पटत नाही. १८ मिलिमीटरला, म्हणजे लेन्स सगळ्यात रुंद असताना, समोरचा हजारो मीटरचा डोंगर फोटोत बोटभर होतो, वर अर्धी फ्रेम रिकामं आकाश आणि खाली रस्त्याचं डांबर. घरी आल्यावर माणसं म्हणतात, ‘प्रत्यक्षात केवढा मोठा होता, फोटोत आलंच नाही.’ लेन्स वाईट नसते, फक्त जागेला चुकीची असते.

ठिकसे गोंपाचंच घ्या. लेहहून जाताना हा मठ लांबूनच दिसायला लागतो. टेकडीच्या माथ्यावर लाल-पिवळी मुख्य इमारत आणि तिथून खाली उतारावर भिक्खूंच्या पांढऱ्या खोल्या, एकीखाली एक उतरत आलेल्या. पायथ्याशी गाडी लावून रुंद लेन्सनं काढला तर मठ मागं झुकलेला येतो आणि अर्धा फोटो पार्किंगचा. त्याऐवजी अलीकडेच, शेतांच्या बाजूला थांबा आणि १३५ ते २०० मिलिमीटरवर बघा. खोल्यांच्या खिडक्यांच्या काळ्या चौकटी, मधल्या वाटेनं चढणारा एखादा लाल चीवरातला भिक्खू आणि त्याच्यामागं डोंगराची करडी भिंत, सगळं एकमेकांच्या जवळ येतं. भिंतीचा आकार त्या माणसामुळं कळतो. लामायुरूच्या पिवळट मातीच्या वळ्यांनाही हेच लागू आहे, तिरप्या उन्हात त्यातला एखादाच तुकडा लांब लेन्सनं उचलायचा. चांगथांगच्या माळावर कियांग, म्हणजे तिथली रानगाढवं, दिसली तर त्यांच्या मागं गाडी पळवायची नसते. लांबूनच काढायची, आणि तिथंही २५० मिलिमीटरच उपयोगी पडणार. हातात धरून काढताना शटरचा वेग १/५०० सेकंदाहून मंद होऊ देऊ नका. चढून आल्यावर धाप लागलेली असते, हात जरा जास्तच हलतो.

तेव्हा मोठी खरेदी ट्रायपॉडची. त्यात कंजुषी नको. हजार-बाराशेचा प्लॅस्टिकचा ट्रायपॉड घरात चांगला उभा राहतो, पँगाँग तळ्याच्या काठावर दुपारनंतर वारा सुटला की थरथरायला लागतो, आणि तुम्हाला ते तिथं कळतही नाही, घरी मोठ्या स्क्रीनवर कळतं. आठ-दहा हजारांत ॲल्युमिनियमचा, बॉलहेडवाला, दीड किलोच्या आसपासचा मिळायला हवा. दुकानात त्यावर स्वतःचा कॅमेरा आणि ५५-२५० लावून बघा, लेन्सच्या टोकाला हलकेच टिचकी मारा आणि थरथर किती वेळ राहते ते बघा. विकणारा काय म्हणतो त्यापेक्षा या टिचकीवर विश्वास ठेवा. वाऱ्यात मधली दांडी वर काढायची नाही, पाय पसरून खाली बसून काढायचं. लेन्सवरचं स्टॅबिलायझर, म्हणजे हाताची थरथर सावरणारी सोय, ट्रायपॉडवर बंद. रिमोट घ्यायची गरज नाही, कॅमेऱ्यातला दोन सेकंदांचा टायमर लावा.

पोलरायझर फिल्टर एकच घ्या, ५८ मिलिमीटरचा. तुमच्या दोन्ही लेन्सना तोच बसतो. तळ्याच्या पाण्यावरची चमक तो काढतो आणि पँगाँगचा निळा-हिरवा रंग उघडा पडतो. मात्र आकाशावर तो पूर्ण फिरवू नका. एवढ्या उंचीवर हवा विरळ असल्यानं आकाश मुळातच गडद निळं असतं, पोलरायझरनं ते जवळजवळ काळं होतं, आणि रुंद लेन्सवर तर एका बाजूला काळं, दुसऱ्या बाजूला फिकं असा पट्टा उमटतो. शिवाय तुमच्या किट लेन्सचा पुढचा भाग फोकस करताना फिरतो, त्याच्याबरोबर फिल्टरही फिरतो. म्हणून आधी फोकस, मग पोलरायझर, हा क्रम. नुसत्या यूव्ही फिल्टरसाठी पैसे घालू नका. डिजिटल कॅमेऱ्याला त्याचा उपयोग जवळपास नाही, आणि स्वस्तातला असला तर सूर्य समोर असताना फोटोत डाग आणतो.

आता मुद्द्याचं. तुमच्या सहा रात्रींच्या प्लॅनमध्ये काय असणार ते मी न बघता सांगू शकतो. लेहहून सकाळी नाश्ता करून निघायचं, खिंडीत चहा, दुपारी नुब्राचं खोरं. दुसऱ्या दिवशी पुन्हा नाश्ता करून निघायचं, दुपारी पँगाँग. म्हणजे जिथं जिथं पोचाल तिथं बारा ते तीनचं ऊन. लडाखचं दुपारचं ऊन आपल्याकडच्यासारखं नसतं. आपल्याकडे हवेतला ओलावा आणि धूळ उजेड पसरवतात, सावलीतही बऱ्यापैकी दिसतं. तिथं हवा विरळ आणि कोरडी, त्यामुळं उन्हातलं पांढरं फटक आणि सावलीतलं काळं कुट्ट. या उजेडात चार लाखांचा कॅमेराही मार खातो. तोच डोंगर सकाळी सात वाजता किंवा संध्याकाळी पाचनंतर बघा, प्रत्येक घळ, प्रत्येक दगडी पट्टा वेगळा निघतो. त्या वेळी तुम्ही तिथं असायला हव्यात, आणि गाडीतून उतरलेल्या हव्यात. त्यासाठी प्रत्येक ठिकाणी दोन रात्री राहावं लागतं. बॉडीत घालणार होतात ते पैसे इथं घाला.

तारखा पक्क्या नाहीत हे फार बरं झालं. भिंतीवरचं कॅलेंडर काढा आणि सर्वपित्री अमावास्या कधी आहे ते बघा. आकाशगंगेच्या रात्री तिच्या आसपास बसवायच्या. घटस्थापनेला घरी असणं भाग असेल, आणि बहुतेक घरांत ते असतंच, तर अमावास्येच्या आधीचे चार-पाच दिवस धरा. त्या दिवसांत चंद्र पहाटेकडं उगवतो, संध्याकाळ आणि रात्रीचा पहिला प्रहर पूर्ण अंधारा मिळतो. पितृपक्षात प्रवासाला घरून कुरकुर होईल कदाचित, पण आकाशासाठी याहून चांगले दिवस नाहीत. कॅमेऱ्याचं सामान मात्र गणपतीच्या आतच घेऊन टाका, म्हणजे पितृपक्षातल्या खरेदीवरून वाद नको आणि हात बसायलाही वेळ मिळेल. एक हळहळ राहील : तुम्ही तिकडं असाल तेव्हा इकडं कास फुलात असेल. ते पुढच्या वर्षी.

आकाशगंगेसाठी जागा हानले. तिथं ४,५०० मीटरवर भारतीय खगोलभौतिकी संस्थेची वेधशाळा आहे, दोन मीटर व्यासाची हिमालयीन चंद्र दुर्बीण तिथंच आहे. तिच्यासाठी अंधार राखायचा म्हणून २०२२ मध्ये हा परिसर डार्क स्काय रिझर्व्ह जाहीर झाला. गावातले लोक दिवे झाकून ठेवतात. तुम्हीही गाडीचे हेडलाइट आणि मोबाइलचा टॉर्च उघडा टाकू नका, टॉर्चच्या तोंडावर लाल जिलेटिन कागद रबरानं बांधून न्या. लाल उजेडात डोळ्यांची अंधाराची सवय मोडत नाही, मात्र शेजारी कुणी फोटो काढत असेल तर लाल उजेडानंही त्याचा फोटो बिघडतो.

वेळ नीट लक्षात घ्या. सप्टेंबरच्या उत्तरार्धात आकाशगंगेचा सगळ्यात भरलेला भाग, धनु राशीकडचा, अंधार पडताच नैर्ऋत्येला असतो आणि साडेनऊ-दहापर्यंत डोंगराआड जायला लागतो. पूर्ण काळोख होतो पावणेआठच्या सुमारास. म्हणजे हातात दोन तासही नाहीत, आणि होमस्टेमध्ये जेवायला हाक येते ती याच वेळात. यजमानांना दुपारीच सांगून ठेवा की आम्ही दहाला जेवू. जागाही दिवसा उजेडी बघून ठेवा : नैर्ऋत्येला डोंगर बुटका हवा, समोर एखादं घर किंवा चोर्तेन, म्हणजे तिथला बौद्ध स्तूप, हवा.

तुमच्या १८-५५ वर हा फोटो येतो. १८ मिलिमीटर, एफ ३.५ म्हणजे लेन्सचं भोक पूर्ण उघडं, शटर १५ सेकंद, आयएसओ म्हणजे उजेडाची संवेदनशीलता ६४००, आणि फोटो रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये. याहून जास्त वेळ शटर उघडं ठेवलं तर तारे ठिपक्याऐवजी रेघा व्हायला लागतात, कारण पृथ्वी फिरतेय. फोटो थोडा रवाळ येईल, पण आकाशगंगा स्पष्ट ओळखू येईल. याहून स्वच्छ हवा असेल तर एक लेन्स भाड्यानं घ्या. विकत नको, भाड्यानंच. टोकिना ११-१६ एफ २.८ तुमच्या कॅमेऱ्याला बसणारी आहे. पुण्यात लेन्स भाड्यानं देणारे आहेत, अनामत ठेवावी लागते, कॅनन माउंटचीच द्या असं बजावून सांगा. तिचं भोक दीडपट उजेड आत घेतं, आणि ११ मिलिमीटरला २५ सेकंद उघडं ठेवलं तरी तारे ओढले जात नाहीत. दोन्ही मिळून अडीचपट उजेड होतो, मग आयएसओ ३२०० वर आणता येतो. फुल फ्रेम घेऊन जे साधायचं होतं त्यातलं बरंचसं इथं भाड्यात साधलं.

फोकसवर मात्र जिवापाड लक्ष द्या. अंधारात ऑटोफोकस चालत नाही. लेन्सवरचं बटण एमएफवर, म्हणजे हातानं फोकस, लाइव्ह व्ह्यू, म्हणजे मागच्या स्क्रीनवरचं चित्र, सुरू, एखादा ठळक तारा दहा पट मोठा करून बघायचा आणि रिंग इतकी हळू फिरवायची की तो तारा लहानात लहान ठिपका होईल. मग रिंगवर चिकटपट्टी. किट लेन्सची रिंग अगदी बारीक आणि सैल असते, नुसता हात लागला तरी सरकते. पोलरायझर काढलेला असू द्या. साताऱ्यात पावसाळ्यात तारे कुठले दिसायला, तेव्हा सराव गच्चीवरून लांबच्या दिव्यावर करा. बोटांना ती रिंग ओळखीची झाली पाहिजे.

सरावावरून आठवलं. तुम्ही कास-ठोसेघरला शिकलात, ते चांगलंच. पण लडाखच्या सरावाला तिकडं जाऊ नका, उलट दिशेला जा. माण तालुक्यात. दहिवडी, म्हसवड, शिखर शिंगणापूरचे डोंगर. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्याच जिल्ह्यात माणला पाचशेच्या आसपास, कारण ढग सह्याद्रीवरच रिकामे होतात. लडाखचंही कारण तेच, फक्त आडवा हिमालय आहे. लेहला वर्षाकाठी शंभर मिलिमीटरच्या आसपासच पडतो. दोन्ही पर्जन्यछायेचे मुलूख. झाडी नाही, धुकं नाही, धबधबा नाही. कासला फूल जवळ घेतलं की फोटो होतो. माणच्या उघड्या डोंगरावर असा कुठलाच आधार नसतो, फोटो उभा करावा लागतो तो आकारावर, सावलीवर आणि कुठंतरी दिसणाऱ्या एका माणसावर किंवा मेंढरांच्या कळपावर. लडाखमध्ये हेच करायचंय. एका रविवारी पहाटे निघा, १८-५५ पिशवीत बंद ठेवा आणि अख्खी सकाळ फक्त ५५-२५० वर काढा. शिंगणापूरच्या चढावरून खालचे डोंगर एकामागं एक रचलेले दिसतात, त्यांचे थर वेगळे काढता येतात का बघा. ऊन चढल्यावर तीच जागा पुन्हा काढा. दोन फोटो शेजारी ठेवले की मी वर उजेडाबद्दल एवढं का लिहिलं ते कळेल. ट्रायपॉड वाऱ्यात टिकतो का हे बघायला मात्र चाळकेवाडीच्या पठारासारखी जागा नाही. पवनचक्क्या उगाच तिथं उभ्या नाहीत.

बाकी सामानाचं झटपट. बॅटऱ्या एकूण तीन हव्यात. थंडीत लिथियम बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते आणि भरलेली बॅटरीही संपल्यासारखी दाखवते. जादाच्या दोन स्वेटरच्या आतल्या खिशात ठेवा. संपलेली वाटली ती अंगाशी ऊब दिली की पुन्हा थोडं काम देते. १५००डीची बॅटरी कॅमेऱ्यात ठेवून यूएसबीनं भरत नाही, म्हणून चार्जर विसरला की कॅमेरा बंद. हानले-पँगाँगकडं कित्येक ठिकाणी वीज संध्याकाळचे काही तासच असते आणि चौघींचे मोबाइल एकाच सॉकेटपाशी जमतात, तेव्हा एक एक्स्टेन्शन बोर्ड सोबत ठेवा. विमानात सुट्ट्या बॅटऱ्या आणि पॉवर बँक केबिन बॅगेत ठेवायच्या, चेक-इनमध्ये नाही. कार्ड ६४ जीबीची दोन-तीन. एकावर साधारण दोन हजार रॉ फोटो मावतात. प्रवासात काहीही डिलीट करू नका, भरलेलं कार्ड कॅमेऱ्याच्या पिशवीत न ठेवता पर्समध्ये ठेवा. इंटरनेटवर चढवू या भरवशावर राहू नका, तिकडं रेंजचा नेम नाही.

धुळीचं थोडं सविस्तर सांगायला हवं. नुब्राच्या हुंडरची वाळू आणि कच्च्या रस्त्याची पिठासारखी धूळ कुठंही शिरते. उघड्यावर लेन्स बदलू नका. गाडीत, काचा वर करून, कॅमेरा बंद, तोंड खाली. रबरी ब्लोअर जवळ ठेवा. तोंडानं फुंकर मारू नका, थुंकीचे कण आत जातात. गाडीत कॅमेरा डिकीत नको, मांडीवर हवा. रात्री हानलेत शून्याखाली गारठलेला कॅमेरा तसाच स्वयंपाकघरात नेऊ नका. आत बुखारी, म्हणजे तिथली शेगडी, पेटलेली असते, थुक्प्याची, म्हणजे तिथल्या गरम सूपची, वाफ असते, काचेवर लगेच दव धरतं. बाहेरच झिपच्या पिशवीत बंद करा, मग आत न्या आणि तासभर उघडू नका. आणि निघण्याआधी, आत्ताच, दोन्ही लेन्समध्ये टॉर्च मारून बघा. साताऱ्याच्या पावसाळ्यात कपाटात पडून राहिलेल्या लेन्सला बुरशी धरते, कोळ्याच्या जाळ्यासारख्या पांढऱ्या रेघा दिसतात. दिसल्या तर जुलैतच साफ करून घ्या. तोवर हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून ठेवा.

भाच्याचंही अर्धं खरं आहे. दुपारच्या उन्हातले चौघींचे फोटो, गाडीच्या खिडकीतून धावते व्हिडिओ, पॅनोरमा, हे मोबाइलवरच काढा. तो हे काम सुंदर करतो आणि तुमच्या कॅमेऱ्याची बॅटरी वाचते. लांबचा डोंगर जवळ आणायचा असेल, किंवा रॉमधून सावलीतलं बाहेर काढायचं असेल, तिथं १५००डी. मठांच्या आत दोन्ही आधी विचारून, आणि फ्लॅश कधीच नाही, भिंतींवरचे रंग शेकडो वर्षांचे आहेत. लष्कराच्या छावण्या, पूल आणि लेहचा विमानतळ यांच्याकडं कुठलाच कॅमेरा वळवू नका. ड्रोन नेऊ नका, सीमेचा मुलूख आहे, नस्ता ताप होईल.

ॲडव्हान्स भरण्याआधी टूरवाल्याकडून हे लिहून घ्या : लेहला पहिल्या दोन रात्री पूर्ण विश्रांती, कुठलीही खिंड नाही. पँगाँगला दोन रात्री, हानलेला दोन, आणि हानले सहलीच्या शेवटाकडं, म्हणजे अंगाला उंचीची सवय झालेली असेल. हानले-पँगाँगचे परवाने आणि मधला रस्ता त्या तारखांना चालू आहे याची खात्री त्याची. गाडी चौघींसाठी स्वतंत्र, आणि ड्रायव्हर सकाळी साडेपाचला निघायला तयार असलेला. उंचीच्या त्रासावरच्या गोळ्यांचं डॉक्टरांना विचारा, विशेषतः कुणाला बीपी असेल तर. तुमच्या तिघी मैत्रिणींना पहाटे उठायची हौस नसेल, तर त्यांना झोपू द्या. गाडी आणि ड्रायव्हर सकाळचे दोन तास तुमचे, हे मात्र निघण्याआधीच त्यांच्याशी बोलून घ्या. वाढीव रात्रींचा खर्च चौघींत वाटायचा की तुमच्या भिशीतून जायचा, तेही त्याच बैठकीत ठरवा.